पावसात काळं पडणारं जिरेनियम: खानापूरकडच्या एका प्रश्नाला उत्तर

नंदगडजवळच्या एका ताईंनी विचारलंय: मार्चमध्ये बेळगावहून सुवासिक जिरेनियमची तीन झाडं आणली. एक गुलाबाच्या वासाचं, एक लिंबाच्या वासाचं आणि एक ‘डास पळवणारं’ म्हणून मिळालेलं. उन्हाळाभर तिन्ही छान वाढली. आर्द्रा लागल्यावर पानं पिवळी पडायला लागली आणि आता आश्लेषात गुलाबी वासाच्या झाडाचा बुंधा मातीलगत काळा होऊन मऊ पडलाय. औषध कोणतं मारू? बाकीची दोन कशी वाचवू? आणि घरची अर्धा एकर जमीन आहे, त्यात ही लागवड केली तर परवडेल का?

ताई, औषधाच्या दुकानात आज जाऊ नका. बुंधा काळा, ओला झाला असेल आणि बोटाने दाबल्यावर साल सरकून येत असेल, तर खालची मुळं गेली आहेत. ती कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. पण शेंडे अजून हिरवे असतील तर झाड तुमच्या हातातून गेलेलं नाही. एक धारदार पातं घ्या, स्पिरिटने पुसा आणि काळेपणाच्या बरंच वर काप घ्या. कापलेली जागा नीट बघा. आतला भाग सगळीकडे सारखा फिकट हिरवा दिसला तर तो शेंडा चांगला. मधोमध तपकिरी ठिपका किंवा कडेला करडी रेघ दिसली तर पातं परत पुसून आणखी दोन पेरं वर कापा. स्वच्छ काप मिळेपर्यंत वर जात राहा. हाताएवढ्या झाडातून एकच बोटभर शेंडा मिळाला तरी पुरे, दसऱ्यापर्यंत त्याचं नवं झाड उभं राहतं. उरलेलं झाड मातीसकट बाहेर टाका. ती माती दुसऱ्या कुंडीत घालू नका आणि कुंडी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय वापरू नका. हा रोग मातीतून आणि पाण्यातून पसरणाऱ्या बुरशीचा आहे. पिथियम म्हणतात तिला. शेजारच्या कुंडीतलं पाणी ओघळून आलं तरी तेवढं तिला पुरतं.

आपल्या भागात जिरेनियम उन्हाने मरत नाही, पावसाने मरतं. बेळगाव-खानापुरात हे झाड लावणाऱ्या प्रत्येकाने एवढं धरून चालावं, मग बाकीचं सगळं त्यातून आपोआप सुचत जातं. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. तिथे ते खडकाळ उतारावर, वाळूत, पाणी थांबत नाही अशा जागी वाढतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, त्यामुळे आपला उन्हाळा त्याला सोसतो. थंडी तर फारच मानवते. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतची आपली हवा जणू त्याच्यासाठीच आहे. पण मिरगापासून मघापर्यंत हवेतला दमटपणा हटत नाही, चार-चार दिवस ऊन दिसत नाही, आणि कुंडीतली माती एकदा भिजली की वाळतच नाही. जांबोटी-कणकुंबीकडे तर विचारूच नका. तुमचं झाड जूनमध्येच आजारी पडलं होतं, काळेपणा दिसला तो आत्ता.

त्यात रोपवाटिकेतल्या कुंडीची भर. आपल्याकडची बरीच रोपं बाहेरून येतात आणि ती नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, भरलेली असतात. प्रवासात सुकू नयेत म्हणून ते ठीक आहे, पण कोकोपीट पाणी धरून ठेवतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात ते सोयीचं वाटतं आणि जुलैत तेच झाडाचा जीव घेतं. नवं झाड आणलं की महिन्याभरात, वळवाचे पाऊस सुरू व्हायच्या आत, त्याची कुंडी बदलायची. मुळांभोवतीचा कोकोपीटचा गोळा हलक्या हाताने अर्धा तरी सोडवून टाकायचा.

भरायला काय घ्यायचं? तुम्ही खानापूर तालुक्यात आहात, सगळं दाराशी आहे. दोन भाग तांबडी माती, दोन भाग जांभ्या चिऱ्याचा चुरा किंवा बारीक मुरूम, एक भाग भाताच्या गिरणीतलं तूस अर्धवट जाळून केलेला काळा कोळसा, आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. चिऱ्याचा चुरा घर बांधणाऱ्या कुणाकडेही फुकट मिळतो. तो चाळून घ्या, पीठ टाकून द्या, हरभऱ्याएवढे खडे ठेवा. आपल्या पश्चिमेकडची तांबडी माती आंबट असते, म्हणून घमेलंभर मिश्रणाला मूठभर चुलीतली राख मिसळा. मिश्रण बरोबर झालं की नाही ते असं बघा: कुंडी भरून वरून तांब्याभर पाणी ओता. वरचं पाणी बघता बघता आत जिरलं आणि लगेच खालच्या भोकातून यायला लागलं तर ठीक. वर तळं साचून राहिलं तर आणखी खडे घाला. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांनी घरची काळी माती कुंडीत अजिबात घालू नये, तंबाखूला ती कितीही चांगली असो. आणि वांगी-टोमॅटो घेतलेल्या वाफ्यातली माती कुणीच घेऊ नये. त्या मातीत मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, असतात आणि जिरेनियम त्यांना लगेच बळी पडतं.

कुंडी मातीचीच हवी. प्लास्टिकच्या कुंडीच्या बाजूंनी पाणी उडत नाही, मातीच्या कुंडीच्या उडतं, आणि पावसाळ्यात एवढ्याशा फरकावर झाड तरतं. खानापूरचं कुंभारकाम नावाजलेलं, कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. तुम्हाला कुंडीसाठी बेळगावला यायची गरज नाही. फक्त भाजणी पक्की बघून घ्या आणि तळाचं भोक करंगळी जाईल एवढं आहे ना ते तपासा. कुंडी झाडाच्या मानाने लहानच ठेवा. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि सड तिथूनच सुरू होते. कुंडीखाली थाळी ठेवू नका, दोन विटांवर कुंडी उचलून ठेवा.

आता बाकीच्या दोन झाडांचं. ती आजच छपराखाली घ्या. पडवी, पोर्चची कड, पारदर्शक पत्र्याची शेड, काहीही चालेल. उजेड भरपूर हवा, वरून पाऊस नको आणि वारा खेळता हवा. खोलीच्या आत नेऊ नका, तिथे वाराही नाही आणि उजेडही नाही. पिवळी पानं देठासकट खुडून टाका, कारण गळून कुंडीत पडलेल्या पानावर करडी बुरशी धरते आणि ती खोडावर चढते. पाणी तारीख बघून घालू नका. कुंडी दोन हातांनी उचलून बघायची सवय लावा. पाणी घातल्यावर किती जड लागते ते एकदा हाताला कळलं की, ती हलकी होईपर्यंत थांबायचं. श्रावणात असे दहा-बारा दिवसही जातात. पान किंचित मलूल दिसलं तरी घाबरू नका, तहानलेलं जिरेनियम पाणी दिल्यावर संध्याकाळपर्यंत उभं राहतं. बुडालेलं झाडही मलूलच दिसतं, लोक तिथे फसतात आणि आणखी पाणी ओततात. म्हणून पानाकडे बघायच्या आधी कुंडी उचला.

पानाच्या खालच्या बाजूला खरखरीत, खपलीसारखे उंचवटे आले असतील तर तो रोग नव्हे. मुळं पाणी ओढतात आणि दमट हवेत पानातून ते बाहेर पडत नाही, त्यामुळे पानाच्या पेशी फुटून तसं होतं. पाणी कमी करा, फवारणी नको. पण एखादं पान कडेपासून देठाकडे निमुळतं होत जाणाऱ्या पिवळ्या पट्ट्याने वाळत असेल आणि एकेक फांदी माना टाकत असेल, तर तो जिवाणूचा करपा असू शकतो. ते झाड लगेच वेगळं करा आणि त्याचे शेंडे लावायला घेऊ नका. रोग शेंड्यातून जातो.

औषध हवंच असेल तर माझा कल ट्रायकोडर्माकडे आहे, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवर घालणाऱ्या उपयोगी बुरशीकडे. तेही रोग आल्यावर नाही. मे महिन्यात कुंडी भरतानाच शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवायचं आणि मग वापरायचं. मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेब ही बुरशीनाशकं एकत्र असलेली पावडर लिटरला २ ग्रॅम घालून मातीत ओतली तर निरोगी कुंड्यांना संरक्षण मिळतं हे खरं. पण ज्या झाडाची पानं चहात किंवा सरबतात जाणार आहेत त्याला मी ती कधीच देत नाही.

शेंडे लावायची रीत जरा सविस्तर सांगते, कारण हे जमलं की पावसाची भीती जाते. चार ते पाच इंचांचा शेंडा घ्या, फार कोवळा लुसलुशीत नको आणि खाली लाकूड झालेलाही नको. वाकवला तर वाकावा, पण मोडताना कटकन आवाज यावा असा. पेराच्या अगदी खाली काप घ्या. खालची पानं काढा आणि प्रत्येक पेरापाशी जी छोटी पापुद्र्यासारखी उपपानं असतात तीही नखाने काढा, कारण मातीत गेल्यावर तीच आधी कुजतात. वर तीन-चार पानं ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. मग शेंडे लगेच लावू नका. कागदावर पसरून सावलीत ठेवा, उन्हाळ्यात चार-पाच तास, आत्ताच्या दमट हवेत रात्रभर पंख्याखाली. कापावर कोरडी पापडी धरली पाहिजे. जास्वंदीला किंवा गुलाबाला आपण प्लास्टिकची पिशवी घालतो तशी याला घालू नका. याच्या पानांवर लव असते, आत कोंडलेली वाफ तिच्यावर बसते आणि शेंडा दोन दिवसांत कुजतो. धुतलेली जाड वाळू आणि जळकं तूस समान घेऊन छोट्या कुंडीत भरा, एकदाच भिजवा, काडीने भोक पाडून शेंडा दोन पेरं आत लावा आणि भोवती बोटाने दाबा. त्यानंतर वाळू वरून पांढरी दिसेपर्यंत पाणी नाही. तीन ते चार आठवड्यांत मुळं धरतात. उपटून बघायचा मोह आवरा, मधलं नवं पान उलगडायला लागलं की मुळं आली असं समजा.

वर्षाचं गणित आपल्या नक्षत्रांवर बसतं. रोहिणीत, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी, झाड एक तृतीयांश कमी करायचं, आतल्या गर्दीतल्या फांद्या काढायच्या म्हणजे वारा आरपार जातो. कापलेल्या चांगल्या शेंड्यांतून दोन-चार रोपं करून ती छपराखाली ठेवायची. घरचं मोठं झाड पावसात गेलंच तरी वंश राहतो. तरणा, म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, चालू असताना कात्री लावायची नाही, कारण ओली जखम भरत नाही. तुमच्या झाडासारखं ते सडायलाच लागलं तर गोष्ट वेगळी. हस्त संपून चित्रा लागली की, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मुख्य छाटणी. निम्म्यापर्यंत खाली या, पण प्रत्येक फांदीवर दोन-तीन हिरवी पानं राहू द्या. पान न ठेवता नुसतं लाकूड राहिलं तर जुनं झाड पुष्कळदा फुटतच नाही. छाटणीनंतर मूठभर गांडूळखत द्या आणि झाड उन्हात आणा, सकाळचं पाच-सहा तासांचं ऊन. दिवाळीनंतर वाढ इतकी जोरात येते की दर पंधरवड्याला शेंडे खुडावे लागतात, आणि झाड घुमटासारखं भरतं. खत याहून जास्त नको. युरियाने पानं मोठी, मऊ आणि लांब पेरांची होतात, वासही पातळ होतो. तीन-चार वर्षांनी झाड खाली लाकडी, वर पिंगट दिसायला लागलं की त्याच्याच शेंड्याचं नवं करायचं.

वास फुलात नसतो, पानावरच्या लवेत असतो. बारीक केसांच्या टोकाला तेलाचा थेंब असतो, बोट फिरलं की तो फुटतो. म्हणून झाड जाता-येता हात लागेल अशा जागी ठेवा, जिन्याच्या कडेला किंवा तुळशीकट्ट्याशेजारी. लाल भडक फुलांची जिरेनियम बेळगावच्या कॅम्पातल्या बंगल्यांच्या व्हरांड्यात तुम्ही पाहिली असतील, ती वेगळी, फुलांसाठी वाढवलेली. आपल्या सुवासिक जातींची फुलं लहान, फिकट गुलाबी किंवा पांढरी. पानं हवी असतील तर कळ्या खुडून टाका.

जातींपैकी गुलाबी वासाची सगळ्यांत दणकट, नवशिक्याने तीच घ्यावी. बारीक, चुण्यांच्या पानांची लिंबू वासाची सरळ उभी वाढते, तिला पाणी सगळ्यांत कमी. तुमची पान मोठं आणि चिरलेलं असलेली लिंबू वासाची असेल तर ती गुलाबी वासाच्या झाडासारखीच सांभाळा. सफरचंदाच्या वासाची जमिनीलगत पसरते, गोल मऊ पानांची. मला मात्र सगळ्यांत आवडते ती पेपरमिंटच्या वासाची. मखमली, तळहाताएवढी पानं, स्पर्श करावासा वाटतो अशी. ती मूळची डोंगरातल्या ओढ्याकाठच्या सावलीतली आहे, त्यामुळे भर उन्हात करपते आणि थोडा ओलावाही सोसते. खानापूरच्या झाडीतल्या घरांना ती शोभते. छपराखाली असेल तर आपल्या पावसात बाकीच्यांपेक्षा बरी टिकते.

डासांबद्दल स्पष्ट सांगायला हवं, घरात लहान मुलं असतील तर जास्तच. ‘डास पळवणारं’ म्हणून विकतात ते जिरेनियमच आहे, लिंबू-गुलाबाच्या मिश्र वासाचं. नुसतं झाड ठेवून डास पळत नाहीत. डेंगीच्या डासांवर त्याची चाचणी झाली तेव्हा ते त्याच पानांवर निवांत बसलेले आढळले. पान चुरडल्यावर जो वास येतो तो हवेत पुरेसा टिकत नाही. मच्छरदाणी लावा आणि झाडाखालच्या थाळीत पाणी साठू देऊ नका, कारण डेंगीचा डास नेमका तिथेच अंडी घालतो. झाड वासासाठी ठेवा, सुंदर आहे ते.

घरच्या वापराला गुलाबी आणि लिंबू वासाची पानं घ्या, तीही औषध न मारलेली. सकाळी दव वाळल्यावर तोडा, धुऊन कपड्यावर पूर्ण कोरडी करा, आणि बरणीत साखरेचा एक थर, पानांचा एक थर असं भरून पंधरा दिवस ठेवा. पानं काढून टाका, साखर लिंबाच्या सरबतात किंवा शिरखुर्म्यात घाला. चहात एकच पान, शेवटच्या उकळीला. कच्चं पान चावून खायचं नाही, लवेमुळे घशाला टोचतं. मांजर किंवा कुत्रं पानं चघळत असेल तर कुंडी उंचावर ठेवा, त्यांच्या पोटाला ते सोसत नाही.

राहिली अर्धा एकर. महाराष्ट्रात अलीकडे या पिकाची लागवड वाढली आहे, त्याची चित्रं फोनवर फिरतात आणि आपल्याकडचे शेतकरीही विचारतात. भारतात हे पीक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या येरकाडच्या डोंगरात आलं, मग निलगिरी-कोडाईकनालला. म्हणजे थंड, उताराच्या जागा. पैसा तेलात आहे, आणि ओल्या पाल्यात तेल साधारण ०.१ टक्का, म्हणजे टनभर पाल्यातून किलोच्या आसपास. लागवडीनंतर चार-पाच महिन्यांनी पहिली कापणी, पुढे दर तीन-चार महिन्यांनी. कापणीची वेळ नाकाला कळते: पाल्याचा लिंबासारखा वास जाऊन गुलाबासारखा यायला लागला आणि पानं फिकट झाली की कापायचं. त्यानंतर पाला लवकरात लवकर ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे वाफेने तेल काढायच्या, भट्टीत जायला हवा, ढीग तापला की तेल घटतं. तेव्हा तुमच्या शेतापासून टेम्पो त्याच दिवशी पोचेल अशी भट्टी आहे का, हा पहिला प्रश्न. तेल कोण, कोणत्या भावाने घेणार हे कागदावर आहे का, हा दुसरा. रोपं विकणाराच ‘आम्ही तेल घेतो’ म्हणत असेल तर त्याने मागच्या दोन हंगामांत ज्यांचं तेल घेतलं त्या शेतकऱ्यांना जाऊन भेटा.

दोन्हींची उत्तरं मिळाली तरी नंदगडच्या पावसात उघड्या रानात हे पीक मी सुचवणार नाही. अथणी, गोकाक, बैलहोंगलकडे पाऊस कमी, तिथे उंच गादीवाफ्यावर ठिबक घालून जमू शकतं. उत्तर भारताच्या मैदानातही पावसाळ्यात मातृरोपं, म्हणजे ज्यांचे शेंडे लावायला घेतात ती झाडं, मरायची, म्हणून औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर काम करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेने ती स्वस्त प्लास्टिकच्या छताखाली जगवायची पद्धत बसवली. या संस्थेचं एक केंद्र बेंगळुरूला आहे, जातिवंत रोपांची चौकशी तिथे करा. तुम्हाला करूनच बघायचं असेल तर एक गुंठा घ्या. दोन बाय दोन फुटांवर त्यात साधारण २७० रोपं बसतात. जमीन उताराची निवडा, वाफे फूटभर उंच करा, आणि अर्ध्या गुंठ्यावर बांबू-प्लास्टिकचं छप्पर घाला, अर्धा उघडा ठेवा. लागवड चित्रेनंतर करा म्हणजे पाऊस येईपर्यंत मुळं खोल जातात. पुढच्या वर्षी हस्त सरल्यावर छपराखालची किती आणि उघड्यावरची किती रोपं उरली ते मोजा. छपराशिवायची निम्म्याहून जास्त गेली असतील तर उरलेल्या जमिनीत भातच घ्या.